मगदूम बेलिफाची सनद

“मगदूम, उभे राहा. प्रश्न क्रमांक चौदा. दिवाणी दाव्यात प्रतिवादीनं कैफियत किती दिवसांत दाखल करायची? तुमचं उत्तर मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू द्या.”

मगदूम उभे राहिले. चौसष्ट वर्षांचा माणूस. गुडघ्यावर हात टेकून उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी घेतला, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “ड. यांपैकी नाही.”

वर्ग फिसकला.

“यांपैकी नाही? अहो, अ-मध्ये तीस दिवस दिलेत. तुमच्यासमोर पुस्तक उघडं आहे. पुस्तकात काय लिहिलंय?”

“तीसच हाय साहेब.”

“मग?”

“पन तीस दिवसांत आलेली कैफियत म्या बत्तीस वर्षांत बघितली न्हाई. खोटं कशाला लिवायचं?”

आता वर्ग खो खो हसला, आणि मी हसू दिलं. मला ते आवडायचं. रविवारी सकाळी चाळीस ठोंब्यांसमोर उभं राहायचं तर माणसाला काहीतरी करमणूक लागतेच.

ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एलएल.बी. झालेल्याला आधी दोन वर्षांची कच्ची सनद मिळते. त्या मुदतीत वकिलीची अखिल भारतीय परीक्षा पास व्हायचं, नाहीतर काळा कोट खुंटीला टांगायचा आणि पास होईपर्यंत कोर्टात उभं राहायचं नाही. मी शिकवायचो तेव्हा शंभर प्रश्न असत, प्रत्येकाला चार पर्याय, चुकलं तर गुण कापत नसत, चाळीस मिळाले की पास. आणि हे सगळं कायद्याची पुस्तकं समोर उघडी ठेवून. पोहण्याच्या परीक्षेला टायर बांधून उतरायचं म्हणा ना. तरी दरवर्षी आमच्या जिल्ह्यातली माणसं बुडत, आणि त्या बुडणाऱ्यांच्या जिवावर आमचा क्लास चाले.

क्लास कोर्टाच्या मागच्या गल्लीत होता, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. मी तिथं कायदा शिकवत होतो असं कुणी समजू नये. मी पान शोधायला शिकवत होतो. आमच्या क्लासची पद्धतच होती, पुस्तकाला रंगीत चिकटपट्ट्या लावायच्या. निळी दिवाणीला, लाल फौजदारीला, पिवळी पुराव्याला. प्रश्नातला शब्द बघ, पट्टी धर, पान उघड, गोळा रंगव. डोकं मधे आणायचं नाही. मी वर्गात तसं स्पष्ट सांगायचो, “तुमचं डोकं ही या परीक्षेतली सगळ्यांत मोठी अडचण आहे.” आणि पोरं ते वहीत लिहून घ्यायची.

मला स्वतःला ही परीक्षा कधी द्यावी लागली नाही. माझी सनद ती सुरू होण्याआधीची. वकिली बेताची चाललेली, घरमालकांचे दावे, दोन बँकांची वसुली. रविवारी मात्र मी ‘पाटणकर सर’ होतो आणि त्या दोन तासांत माझ्याइतका मोठा कायदेपंडित जिल्ह्यात नव्हता.

मगदूम आमच्याच कोर्टातले निवृत्त बेलिफ. बाळगोंडा मगदूम. समन्स बजावायचं, जप्ती करायची, ताबा घ्यायचा, ही बेलिफाची कामं. बत्तीस वर्षं सायकलवरून, मग लुनावरून हा माणूस लोकांच्या दारात नको ते कागद घेऊन गेला. निवृत्त झाला आणि लोक देवदर्शनाला जातात तसा हा लॉ कॉलेजला गेला. तीन वर्षं पोरांच्या शेजारी बसून पदवी घेतली. कच्ची सनद काढली. मग ही परीक्षा दिली आणि तीनदा आपटला. चौतीस, छत्तीस, पस्तीस. दोन वर्षांची मुदतही तोवर संपली होती.

का आपटला, ते मी एका चाचणीत ओळखलं. बाकीची पोरं कायदा माहीत नाही म्हणून नापास होत. मगदूम कोर्ट माहीत आहे म्हणून नापास होत. अटक केलेल्याला किती तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं? चोवीस, हे शाळकरी पोरही सांगेल. मगदूम विचारणार, “शनवारी धरलाय का साहेब?” समन्सची बजावणी कोण करतो? हे विचारलं की ते पेन ठेवून चष्मा पुसायला घेत.

“मगदूम,” एकदा मी विचारलं, “या वयात सनद कशाला हवी तुम्हाला? नातवंडं खेळवा. ऊस बघा.”

“एकच केस चालवायची हाय साहेब. एका बाईची. ती झाली की सनद ठिवली काय न्हाई काय, सारखंच.”

“कुठं आहे केस?”

“आपल्याच कोर्टात. सात वर्सं पडलीय. बाईचा वकील कंटाळून सोडून गेला. एप्रिलची तारीख शेवटची म्हनून दिलीय जज्जसाहेबांनी. जानेवारीत परीक्षा दिली की तवर निकाल येतोय. औंदा पास व्हायलाच पायजे.”

“म्हणजे एका बाईसाठी हा एवढा खटाटोप!” मी वर्गाकडे बघून डोळा मारला. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टीसारखा आवाज काढला. पुढं बसलेली स्वप्नाली हुक्कीरे तेवढी हसली नाही. ती कच्च्या सनदेवर काम सुरू केलेली पोरगी, कायम कपाळाला आठ्या. मी तिला ‘न्यायमूर्ती’ म्हणायचो.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी व्यावसायिक नीतिमत्तेचा तास होता. वकिलांनी कसं वागावं याचे नियम. हा तास मी फार रंगवून घेई. वकिलांची नीतिमत्ता आणि बैलाचं दूध, अशी सुरुवात करायची की वर्ग ताब्यात.

त्या दिवशी मी मगदुमांच्या तीन चाचण्यांचे कागद घेऊन आलो होतो. तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. “हे बघा,” मी कागद वर धरले. “आमचे मगदूम एकही प्रश्न सोडत नाहीत. चुकीचं का होईना, ठोकून देतात. पण हा एक प्रश्न तीनदा आला आणि तीनदा कोरा. ‘ज्या प्रकरणात आपल्याला साक्ष द्यावी लागेल असं वकिलाला वाटतं, त्या प्रकरणात त्यानं वकीलपत्र घ्यावं का?’ हो, नाही, न्यायालयाच्या परवानगीनं, पक्षकाराच्या संमतीनं. चार गोळे आहेत. डोळे मिटून पेन टेकवलं तरी चारात एकदा बरोबर यायची शक्यता. का सोडला?”

मगदूम उभे राहिले. “भाईर सांगतो साहेब.”

“बाहेर कशाला? इथं सगळे भावी वकील आहेत. गुपित ठेवणं यांचा धंदा आहे.”

ते काही वेळ पुस्तकावरच्या निळ्या पट्ट्या चाचपत राहिले. मग म्हणाले, “समजा साहेब, एक बेलिफ हाय. त्येनं एका बाईचं समन्स बजावलंच न्हाई. घरी गेलाच न्हाई. आनि रिपोर्ट दिला, घर बंद हुतं, दारावर चिकटवलं म्हनून. बाईला पत्त्याच न्हाई. ती कोर्टात आली न्हाई, एकतर्फी हुकूमनामा झाला, तिचं घर गेलं. आता त्यो बेलिफ वकील झाला, तर त्येला त्या बाईची केस लढवता येती का?”

समजा म्हटलं तरी ते काय आहे ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. एखाद्या बऱ्या माणसानं तिथंच तास थांबवला असता. पण मला समोर चाळीस माणसं दिसत होती आणि जिभेवर वाक्य तयार होतं.

“अहो मगदूम,” मी म्हणालो, “त्या बाईला वकील काय करायचाय? वकील पैशाला पासरी आहेत, या खोलीतच चाळीस आहेत. तिला हवाय साक्षीदार. पिंजऱ्यात उभं राहून ‘मी खोटं लिहिलं’ म्हणणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो इथं बसून गोळे रंगवतोय! एकदा तुम्ही पक्के वकील झालात की तिचा साक्षीदार मेला. म्हणजे आधी तुम्ही बाईचं घर घालवलंत, आणि आता तीन वर्षं कायदा शिकून तिचा पुरावा घालवणार. शाबास! कायदा शिकावा तो असा. खरं बोलायला लागू नये म्हणून!”

हशा झाला, पण आधीसारखा नाही. मगदूम खाली बसले. त्यांनी पेन काढलं आणि आपल्या पुस्तकाच्या कडेला काहीतरी लिहिलं. मला वाटलं, गड्याला चांगलंच झोंबलं.

तास संपल्यावर मी खाली उतरलो तर ते चहाच्या गाड्याशी उभे होते. दोन कप सांगून ठेवलेले. मी जरा नरमलो होतो. म्हटलं, “मनावर घेऊ नका. वर्गात बोलावं लागतं. केस कुठली ही?”

“जमादार साहेब. मुमताज जमादार. तेली गल्लीतल्या दोन खोल्या. हास्पिटलातल्या पेशंटांचं डबं करायची ती.”

“वादी कोण?”

“आरवाडे. घरमालक.”

माझ्याही अशिलांत एक आरवाडे होते, पण गावात आरवाडे ढीगभर, आणि पडून राहिलेल्या अर्जांच्या तारखा माझा कारकूनच बघे. “आणि आरवाडेचा वकील? असल्या वकिलाच्या तोंडाला काळं फासलं पाहिजे. बेलिफ आपल्या मनानं नाही असं लिहीत. कोण होता तो?”

मगदुमांनी कप हातात फिरवला. मग अगदी ओशाळून, चूक त्यांचीच असल्यासारखं म्हणाले, “तुमीच की साहेब.”

मी कप गाड्यावर ठेवला.

“मे महिना हुता. तुमी व्हरांड्यात उभं हुतासा. म्हनलासा, मगदूम, उनाचं कशाला मरायला जाताय, आरवाड्यांस्नी घाई हाय, चिकटवलं म्हनून लिवा. पंचांची दोन नावं बी तुमीच सांगितलासा. म्या लिवलं.”

इथं मी एक गोष्ट कबूल करतो. मला तो दिवस आठवला नाही. मी खूप ताण दिला, तरी नाही. कारण तसे दिवस पुष्कळ होते. दारावर चिकटवलं म्हणून लिहा, हे मी किती बेलिफांना, किती उन्हाळ्यांत सांगितलं असेल, त्याची मोजदाद मी कधी ठेवली नव्हती. सगळेच करत. समन्स लागलं की प्रतिवादी येतो, प्रतिवादी आला की दावा दहा वर्षं चालतो. तो आलाच नाही तर सहा महिन्यांत हुकूमनामा. अशिलाला निकाल हवा असतो.

“ताबा घ्यायला बी मीच गेलो हुतो,” मगदूम म्हणाले. “चुलीवर भात हुता. बाई म्हनाली, दादा, मला कागद कवा आलाच न्हाई. म्या म्हनलं, लावला हुता दारावर, वाऱ्यानं गेला आसंल. ह्या तोंडानं म्हनलं साहेब. तिनं मला पानी दिलं. भात उतरवून घेऊ द्या म्हनाली. तेवढं घेऊ दिलं.”

“मग निवृत्त झाल्यावर तरी सांगायचं होतंत.”

“पेन्शन जाईल म्हनून भ्यालो. आनि तुमचं नाव येनार. म्हनलं, वकील होतो, कागदाच्या आधारानं केस लढवतो, कुनाला काय बोलायलाच नको. पन आज तुमी सांगितलासा त्ये खरं हाय. मी वाकडी वाट धरली.”

वाचकहो, मला त्या क्षणी काय वाटलं? पश्चात्ताप वगैरे काही नाही. भीती वाटली, निव्वळ स्वतःच्या सनदेची भीती. बेलिफ पिंजऱ्यात उभा राहून माझं नाव घेतो, न्यायाधीश ते लिहून घेतात, आणि बार कौन्सिलकडं माझी तक्रार जाते. वीस वर्षांची सनद. आणि माझं चालू डोकं लगेच कामाला लागलं. आत्ताच मी वर्गात ओरडून सांगितलं होतं, वकील झालात की साक्षीदार मेला. ठीक आहे. मग याला वकीलच करायचं.

“मगदूम,” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, “वाकडी कसली? तुमचीच वाट बरोबर आहे. साक्ष देऊन काय मिळणार? पेन्शन जायची ती जाईल, वर खोट्या रिपोर्टाची चौकशी. म्हातारपणी धिंडवडे. त्यापेक्षा सनद घ्या. मी शिकवतो तुम्हाला, स्वतंत्र. रोज संध्याकाळी माझ्या ऑफिसात या.”

निवृत्त माणसाची इतकी जुनी भानगड खातं सहसा उकरू शकत नाही, त्याला वर्षांची मर्यादा असते. हे मला पक्कं माहीत होतं. मी सांगितलं नाही.

पुढचे सहा आठवडे मी जितकं चांगलं शिकवलं तितकं आयुष्यात कधी शिकवलं नाही. ढोंग्याच्या हातूनही कधीकधी असं उत्तम काम होतं. रंगीत पट्ट्या मी फेकून दिल्या. मगदुमांना कलम वाचून दाखवायचं, त्यांच्या बत्तीस वर्षांतला एखादा प्रसंग विचारायचा आणि म्हणायचं, “आता सांगा, तिथं काय व्हायला हवं होतं? काय झालं ते नको. काय व्हायला हवं होतं?”

हे त्यांना असं भिनलं की बघत राहावं. “म्हंजे साहेब,” ते डोळे मोठे करून म्हणत, “दारावर लावायच्या आदी तीनदा जायला पायजे हुतं? शेजाऱ्याला इचारायला पायजे हुतं? पंच खरं पायजेत?” प्रत्येक कलमाला त्यांना कुणीतरी आठवे. कुणाची म्हैस जप्त केलेली, कुणाची भांडी. ते पुस्तक वाचत नव्हते, आपल्याच खतावण्या तपासत बसल्यासारखं चाललं होतं. कधी मधेच पुस्तक मिटून म्हणत, “आज एवढंच पुरे साहेब. झोप लागायची न्हाई.”

चाचणीत एक्केचाळीस आले, मग सत्तेचाळीस, मग छप्पन्न. मी पाठ थोपटली. म्हटलं, “आता तुम्ही पास झाल्यातच जमा.” मला खरोखरच आनंद झाला होता. माझा आनंद कसला होता ते त्यांना कुठं ठाऊक!

परीक्षेचं केंद्र पुण्याला. क्लासनं पहाटेची गाडी ठरवली होती. पोरं पुस्तकांच्या पिशव्या घेऊन चढली, हुक्कीरे कपाळाच्या आठ्यांसकट खिडकीशी बसली. मगदूम नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी फोन लावला.

“मी येत न्हाई साहेब.”

“वेड लागलंय का? छप्पन्न मार्क पडतात तुम्हाला!”

“म्हनून तर येत न्हाई. पास झालो तर पंचाईत. साक्ष ऱ्हाईल. तुमी वर्गात सांगितलासा तवापास्नं डोस्क्यात तेच हाय. लई इचार केला. पेन्शन गेली तर जाऊ दे. पोराचा ऊस हाय.”

“मगदूम, ऐका—”

“तुमी एवढं शिकवलासा, माफी करा साहेब,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गाडी सुटली. मी पुढच्या सीटवर बसलो, हातात मोबाइल तसाच.

आता तो नियम काय आहे ते सांगतो. ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होणार, त्या प्रकरणात वकिलानं वकीलपत्र घेऊ नये. बस. त्या एका प्रकरणात. बाकी हजार केसेस त्यानं खुशाल लढवाव्यात, सनद मिरवावी, आणि त्या एका प्रकरणात काळा कोट बाजूला काढून खुशाल साक्ष द्यावी. परीक्षेला बसायला, पास व्हायला, पक्की सनद घ्यायला काडीची आडकाठी नाही. ‘वकील झालात की साक्षीदार मेला’ हे कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही रंगाच्या पट्टीखाली लिहिलेलं नाही. ते मी हशा पिकवायला बोललो होतो. मग घाबरलो, आणि ते तसंच राहू दिलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. म्हाताऱ्यानं मात्र ते कायदा म्हणून पाळलं. पाच वर्षं ज्या सनदेसाठी घासली ती त्यानं माझ्या एका विनोदापायी सोडून दिली.

फोन पुन्हा लावता आला असता. त्यांचं घर स्टॅंडच्या वाटेवर होतं, गाडी थांबवून त्यांना उचलता आलं असतं. हॉलतिकीट त्यांच्या खिशात होतं. दोन वाक्यांत काम होत होतं. मी ती बोललो नाही. मनात म्हणालो, एप्रिलपर्यंत भीती वाटेल, तोंड मिटेल म्हातारा. अशी माणसं शेवटच्या क्षणी कच खातात. मला अशा माणसांचा फार अनुभव होता ना!

एप्रिलात मुमताज जमादारचा अर्ज पुकारला गेला. हा अर्ज म्हणजे तो एकतर्फी हुकूमनामा रद्द करा म्हणून बाईनं सात वर्षांपूर्वी केलेला. मी आरवाडेतर्फे उभा. समोरच्या बाजूनं हुक्कीरे उठली. तिचं वकीलपत्र महिन्यापूर्वीच दाखल झालं होतं, आणि मला ते कळवायची तसदी तिनं घेतली नव्हती. परीक्षाही ती पास झाली होती. पाठीमागे बाकावर एक सुकलेली बाई मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माझ्या दाव्यातली प्रतिवादी, आणि सात वर्षांत मी तिचा चेहरा बघितला नव्हता.

“साक्षीदार, बाळगोंडा मगदूम.”

मगदूम पिंजऱ्यात चढले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. शपथ घेतली. हुक्कीरेनं जुना रिपोर्ट दाखवला. “हा रिपोर्ट कुणी लिहिला?”

“म्या लिवला. सही माझी.”

“यात लिहिलंय की घर बंद असल्यानं समन्स दारावर चिकटवलं. हे खरं आहे?”

“खोटं हाय. मी त्या दिवशी तेली गल्लीत गेलोच न्हाई. पंचांची नावं बी खोटी. समन्स बाईला मिळालं न्हाई. त्यात तिची काय चूक न्हाई.”

न्यायाधीश पुढं झुकले. “मगदूम, तुम्ही बत्तीस वर्षं नोकरी केलीत. असा रिपोर्ट लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी टेबलाची कड धरली. मगदुमांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

“साहेब, सांगनाऱ्याचं नाव नका इचारू. सांगायला तोंड लागतंय, लिवायला हात लागतोय. हात माझा हुता. तेवढंच लिवून घ्या.”

न्यायाधीशांनी त्यांच्याकडं बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडं. त्यांना कळलं. खोलीतल्या प्रत्येक वकिलाला कळलं. “पाटणकर, उलटतपास?”

माझ्या फायलीत प्रश्न तयार होते. तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आज? या बाईनं तुम्हाला काय दिलं? तीनदा नापास झालात त्याचा राग म्हणून ही साक्ष का? म्हाताऱ्याला पाच मिनिटांत फाडता आलं असतं. त्याच कामाची मी वीस वर्षं फी घेत आलो होतो.

“नाही,” मी म्हणालो. “उलटतपास नाही.”

बाईचा अर्ज जूनमध्ये मंजूर झाला आणि पुढं खोल्यांचा ताबाही तिला परत मिळाला. आरवाडेंनी माझ्याकडून फायली काढून नेल्या. मगदुमांच्या पेन्शनला कुणी हात लावला नाही. माझ्या सनदेलाही नाही. ती आजही भिंतीवर काचेत आहे, आणि आलेले अशील तिच्याकडं आदरानं बघतात.

पण एप्रिलात त्या दिवशी साक्ष संपल्यावर मी तोंड चुकवत मागच्या जिन्यानं निघालो होतो. मगदूम तिथंच पायरीवर बसले होते, गुडघे चोळत. मला बघून उठायला लागले.

“बसा, बसा.”

“साहेब, एक इचारायचं हुतं.” त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी बघितला नव्हता. “आता साक्ष झाली. आता परीक्षेला बसलो तर चालंल न्हवं?”

हीच वेळ होती. तेव्हाही चाललं असतं मगदूम, जानेवारीतच चाललं असतं, मी तुम्हाला फसवलं, एवढं म्हणायचं होतं. जिन्यात आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. हशा पिकवायलाही कुणी नव्हतं.

“चालेल,” मी म्हणालो.

“मग औंदा परत तुमच्याकडंच क्लास लावतो. बाकी समदी गोड बोलत्यात साहेब. भर वर्गात तोंडावर खरं सांगनारं तुमी एकटंच भेटलासा. न्हाईतर मी त्या बाईचं अजून वाटोळं केलं असतं.”

त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून पासपोर्ट साइजचे दोन फोटो काढले आणि फॉर्मला लागतील म्हणून माझ्या हातात दिले. मी ते घेतले.